उसना माइक

मुलांनो, डोळे मिटा आणि शिंपीआजोबांची खोली डोळ्यांसमोर आणा. तिथे नोकरी सांभाळून गाणी रचणारी त्यांची मुलगी पहिलं गाणं रेकॉर्ड करत होती. उसना माइक संध्याकाळी परत द्यायचा होता. आवाज नको म्हणून आजोबांनी शिलाई मशीन थांबवलं होतं. पण तिची लय सारखी घसरत होती. "बाबा, एरवी गुणगुणताना नाही हो चुकत!" ती रडकुंडीला आली. "मी तर श्वाससुद्धा रोखून धरलाय," आजोबा कुजबुजले. कोपऱ्यात बसलेली आजोबांची छोटी नात मात्र गाणाऱ्या आत्याच्या पायाकडे बघत होती. शांततेत तो पाय ठेका शोधत होता. "आत्या, तू गाणी कधी रचतेस?" नातीने विचारलं. "बाबा शिवायला बसले की," म्हणता म्हणता आत्या थबकली. "माझी सगळी गाणी तुमच्या मशीनच्या तालावर जुळलीत, बाबा." नातीने आजोबांना हात धरून मशीनवर बसवलं आणि माइक दोघांच्या मधोमध ठेवला.