लाल झाकणं, पांढरी झाकणं

"तीन पळ्या भात. सपाट. डोंगर नको," असं पुटपुटत तिने तिसरी पळी डब्यात रिकामी केली.

"खड्डाही नको," शिवणाच्या मशीनवरून आई म्हणाली.

"बघ, तू मोजतेयस की मी?"

"तूच बाई. मी आपली दोरा ओवतेय."

रविवारची दुपार होती. ओट्यावर दहा डबे उघडे मांडलेले. लाल झाकणांचे पाच तिचे, कॉलेजात न्यायचे. पांढऱ्या झाकणांचे पाच आईचे, कपडे दुरुस्तीच्या दुकानात न्यायचे. भात, कडधान्य, गाजर, एक उकडलेलं अंडं. दोघींना सारखंच. आहारतज्ज्ञ बाईंचे नियम फ्रिजवर चिकटवलेले होते. घरात वजनकाटा नको, मोजायचं ते पळीने. आणि सकाळी निघताना एकीने दुसरीचा डबा तिच्या हातात द्यायचा.

डबे हातात देण्याचा नियम का आला, ते दोघींनाही ठाऊक होतं. गेल्या वर्षी ती रोज भरलेला डबा कचऱ्यात रिता करायची आणि जड लागावा म्हणून त्यात ओलं फडकं कोंबायची. आई डबा उचलून बघायची, समाधानाने मान हलवायची. चार महिने. मग एकदा आईने झाकण उघडलं. फडकं पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिला अजूनही वाटे.

आता शुक्रवारी दवाखान्यात वजन होई. लागोपाठ दोनदा घटलं की कॉलेज बंद आणि परत वॉर्डात. महिन्यापूर्वी एकदा घटलं होतं. तेव्हापासून आई सकाळचा दिवा लावून जास्त वेळ डोळे मिटून बसायची.

आणि तेव्हापासूनच लाल डबे फुगायला लागले होते.

आधी तिला वाटलं, डोळे दगा देताहेत. पूर्वी आरसा द्यायचा तसा. तिने बाईंना सांगितलंही. "डोळ्यांचं ऐकू नकोस, पळीचं ऐक," बाई म्हणाल्या. म्हणून ती डोळे मिटल्यासारखी खायची, शेवटच्या घासापर्यंत. वजन वाढलं. बाई खूश, आई खूश. तिचा संशय मात्र गेला नाही.

आज तिने आईच्या डबीतली एक टाचणी मुठीत लपवली होती. लाल डब्यांमध्ये भाताच्या पातळीला तिने आतून बारीक रेघ ओढली.

"एवढं वाकून काय बघतेस?"

"काही नाही. तो कोट कुणाचा?"

"आहे एका गिऱ्हाइकाचा." आईने निळा कोट मशीनखाली सरकवला. "कंबरेत दोन बोटं आत घ्यायचाय."

सोमवारी कॉलेजच्या खानावळीत तिने झाकण उघडलं. समोर नेहमीसारखी तिची मैत्रीण चिमणी बसली होती. तोंडाचा पट्टा चालू, नजर मात्र डब्यावर.

रेघ दिसतच नव्हती. भात रेघेच्या बोटभर वर चढला होता.

मंगळवारी दीड बोट. शिवाय एकाच्या जागी दोन अंडी.

म्हणजे डोळे खरं बोलत होते. ती अंघोळीला गेली की आई तिच्या डब्यात भर घालत होती. ती बरी होतेय यावर आईचा विश्वासच नव्हता. तिने झाकण टेबलावर आपटलं. पण विचारणार कुठल्या तोंडाने? चार महिने फडकं भरणारीने?

"अगं, गिळ की," चिमणी म्हणाली. "त्या अंड्याला पाय फुटतील आता."

तिने गिळलं. दोन्ही.

बुधवारी सकाळी पिशव्या दाराजवळच्या खुंटीला लटकत होत्या. आई आत दिव्यासमोर बसली होती. तिने पटकन पांढऱ्या झाकणाचा डबा काढून आपल्या पिशवीत ठेवला, लाल आईच्या पिशवीत. यात खोटं काय आहे? आईचा डबाही तिनेच भरलाय, तीन पळ्या, सपाट. ती उपाशी थोडीच राहणार होती? फक्त आपल्या मापाचं खाणार होती.

तरी जुनी चटक ओळखीची वाटली. मागच्या दाराने शिरणारी.

आई बाहेर आली. अंगात तोच निळा कोट होता. नियमाप्रमाणे दोघींनी एकमेकींना पिशव्या दिल्या. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रोजचंच म्हणाली, "माझ्या वाट्याचं तुझ्या अंगी लागो, बाळा."

"उशीर होतोय गं, आई."

दुपारी खानावळीत चिमणीने भुवया उंचावल्या. "आज पांढरं झाकण?"

"घाईत बदललं." तिने डबा जवळ ओढला. "माप सारखंच असतं."

"मग उघड. मी काही इथून हलणार नाहीये."

डबा हाताला अगदी बरोबर लागत होता, ना जड ना हलका. तिने झाकणाची कड वर केली.

आत ओलं फडकं होतं, चार घड्या घातलेलं. ती घालायची त्याहून कितीतरी नीट, टोकाला टोक जुळवून.