कपाटामागची जाळी

मालकिणीचा कारखाना तिचा थोरला मुलगा बघायचा. त्याला बोलायची पोच नव्हतीच. आज त्याने कहर केला. कारखान्यात पत्रा कापताना जिची दोन बोटं तुटली, तिच्या दवाखान्यातल्या खाटेच्या उशाशी बसून म्हणाला, "मागच्या जन्मीचं कर्म गं, भोगल्याशिवाय सुटका नाही." पोरीने अपराध्यासारखी मान हलवली. दारातल्या मालकिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कारखाना गाठला. बोटं वाचवणारी यंत्रावरची जाळी कपाटामागे सापडली, चारही स्क्रू पुडीत बांधलेले. कामगारांनी सांगितलं, तपासणीला साहेब आले की लावायची, गेले की काढायची. जाळीने काम रेंगाळतं म्हणे! दवाखान्यात परतून तिने ती लेकाच्या मांडीवर आदळली. "आई, लोकांत कशाला?" "लोकांतच! हिच्या मागच्या जन्माचं तुला बरं ठाऊक! तुझं याच जन्मातलं मला पाठ आहे. हिला सांग, जाळी कुणी काढली. उद्यापासून त्या यंत्रावर तू बसायचंस. जाळी लावायची की नाही, तूच ठरव."