दोघेच वारस

आम्ही घेत असलेल्या प्लॉटचे मालक समोर बसले होते; शपथपत्राचं पान उलटताना माझं लक्ष त्यांच्या मनगटावर गेलं. लाल रेशमाची राखी होती, अजून रंगही न उतरलेली.

"सख्ख्या बहिणीची का?" मी सहज विचारलं.

"मग! आमची वत्सला दरवर्षी विट्याहून येते. कधी पोस्टानं पाठवली नाही," मालक कौतुकानं म्हणाले. शेजारी बसलेल्या धाकट्या भावानंही मान डोलावली.

मी शपथपत्र दोघांपुढे धरलं. वडिलांच्या मागे आम्ही दोघे भाऊच वारस, तिसरं कोणी नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. खाली दोघांच्या सह्या होत्या.

मालकांनी शर्टाची बाही हळूच खाली ओढली. व्यवहार जमवणारा एजंट मात्र हसला. "ताई, बहिणी कुठे काय मागतात? तिचं लग्नात सगळं केलंय त्यांनी."

"मग तिनंच तसं सांगावं. इथे, माझ्यासमोर बसून."

माझ्या नवऱ्यानं टेबलाखालून पायानं खुणावलं. किती वणवण करून ही जागा सापडली होती. "अगं, हातची जाईल," तो पुटपुटला.

"जाऊ दे. जित्याजागत्या बाईला पुसून टाकलेल्या जागेवर मी घर बांधणार नाही."

मी फाइल मिटून मालकांकडे सरकवली.

"पुढच्या वेळी बहिणीला घेऊन या. नाहीतर ती राखी तरी काढून या."