नाही घेतलं तर काय होईल

फ्रिज सकाळी वारला. संध्याकाळी धाकटा दीर फाइल घेऊन हजर झाला.

“वहिनी, ऐकून वाईट वाटलं,” तो म्हणाला आणि फ्रिजकडे बघत क्षणभर गप्प उभा राहिला. मग त्याने फाइल उघडली. “जुनं कर्ज मिटवायचं, नवीन मोठं काढायचं. त्यात फ्रिज येतो, वर थोडे पैसे हातात राहतात. हप्ता आहे तेवढाच. तुझी फक्त एक सही.”

“आणि किती वर्षं?”

“वर्षं थोडी वाढतात.” धाकटा कर्ज देणाऱ्या कंपनीत होता. ‘थोडी’ हा शब्द कसा म्हणायचा, याचं तिथे प्रशिक्षण देत.

वहिनीने फाइलला हात लावला नाही. जुन्या कर्जाचे चारच हप्ते उरले होते. दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, शोभेच्या माशांचं दुकान काढलं होतं. मासे लवकर गेले. कर्ज मात्र ठणठणीत राहिलं. शेवटच्या हप्त्याची चौकट वहिनीने लॅपटॉपवरच्या घरखर्चाच्या शीटमध्ये आधीच हिरवी रंगवून ठेवली होती, आणि त्या हिरव्यापर्यंत नवीन एक पैसाही उचलायचा नाही असं ठरलेलं होतं. ठरवलं होतं वहिनीने.

“बस त्या खुर्चीत,” ती म्हणाली. “शीटमध्ये भर.”

दादाने लॅपटॉप भावाकडे सरकवला. या घरात कुणालाही काहीही हवं असलं तर ते स्वतः टाइप करावं लागे. वहिनी रुग्णालयाच्या औषधांच्या स्टोअरमध्ये कामाला होती, तिथे चिठ्ठीशिवाय कापूससुद्धा जागचा हलत नसे. शीटलाही तसेच रकाने होते, काय हवं, कितीचं, कधी, आणि शेवटचा रकाना: ‘नाही घेतलं तर काय होईल?’

धाकट्याने आधीच्या ओळी वाचल्या. आईने गुडघ्याचा पट्टा मागितला होता. नाही घेतला तर: ‘दिवसभर घरात बसेन आणि बोलत राहीन.’ त्याच दिवशी मंजूर. दादाचा चष्मा: ‘हा रकाना दिसणार नाही.’ मंजूर. पुतणीचा कुत्रा: ‘मोठी होईन आणि स्वतःच घेईन.’ पुढे वहिनीचा शेरा: ‘छान. नामंजूर.’

धाकट्याने टाइप केलं. नवीन कर्ज. मग रक्कम. मग शेवटच्या रकान्यात: ‘फ्रिज येणार नाही.’

“चालेल,” पुतणी म्हणाली. ती मेलेल्या फ्रिजमध्ये शाळेची पुस्तकं लावत होती. भूगोल भाजीच्या ट्रेमध्ये बरोबर बसला होता.

“अगं, पण दुधाचं काय?” दादाने हळूच विचारलं.

“रोजचं रोज आणायचं. तू आणशील,” वहिनी म्हणाली.

“मी आणीन,” दादा म्हणाला. माशांनंतर तो वाद घालत नसे.

वहिनी धाकट्याकडे वळली. “फ्रिज आमची अडचण आहे. कर्ज तुला हवंय. तुझं काय होईल ते लिही.”

धाकट्याने फ्रिजची ओळ पुसली. ‘टार्गेट चुकेल’ असं लिहिलं. मग तेही पुसलं. कर्सर लुकलुकत राहिला. आईने चष्मा नाकावर चढवला आणि ती त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

‘नोकरी जाईल,’ त्याने लिहिलं.

“एका महिन्याच्या टार्गेटवरून?” दादा म्हणाला.

“मागच्या महिन्यातही एक गिऱ्हाईक कमी पडत होतं.”

“मग?”

“मग मीच झालो.”

कुणालाच नीट कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. “माझ्याच नावावर कर्ज काढलं. फॉर्म मी भरला, चौकशीला मीच माझ्या घरी गेलो. त्याच्या आधीच्या महिन्यातही.”

“स्वतःला व्याज तरी कमी लावलंस का रे?” आईने विचारलं.

“स्टाफला सवलत नसते, आई.”

वहिनीने हात लांब करून त्याच्या ओळीपुढे ‘नामंजूर’ लिहिलं. या वेळी ‘छान’ लिहिलं नाही. धाकट्याने मान हलवली आणि तो फाइल घ्यायला उठला.

“उठायला कुणी सांगितलं?”

तो बसला. वहिनीने शीटमध्ये खाली एक कोरं पान उघडलं आणि त्याला नाव दिलं: ‘धाकटा’.

“तुझी सगळी कर्जं लिही.”

“सगळी?”

“मित्रांकडून घेतलेलीसुद्धा. आमच्या पानावर पहिली ओळ माशांच्या खाद्याची आहे, लाजू नकोस.”

तो लिहू लागला. एकेक ओळ खाली सरकत गेली. एकदा तो थांबला, त्याने आईकडे बघितलं आणि आणखी दोन ओळी भरल्या. आईने काही विचारलं नाही, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी वहिनीने बेरजेची चौकट दाखवली. त्याने बटण दाबलं. आकडा आलाच नाही. चौकटभर नुसत्या आडव्या-उभ्या रेघांच्या जाळ्या उमटल्या.

“बिघडलं बहुतेक,” तो आशेने म्हणाला.

“बिघडलं नाही. आकडा मावत नाहीये. रकाना रुंद कर.”

त्याने रकान्याची कड पकडून ओढली. जाळ्याच. आणखी ओढली. आकडा दिसला.

“केवढा आहे,” धाकटा म्हणाला.

“आमचा याहून मोठा होता,” दादा म्हणाला आणि आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला. वहिनीने बाह्या सरसावल्या.

“हं. यात सगळ्यात जास्त व्याज कशाला लागतंय?”

धाकट्याने पडद्यावर बोट ठेवलं. पुतणीने टेबलावरची फाइल उचलली, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि दार लावून घेतलं.