अर्ध्या करंज्या

नाताळच्या दुपारी शेजारच्या मार्थाने ताटली परत आणली आणि भिंगारदिवेबाईंचा चेहराच पडला. दहापैकी पाच करंज्या तशाच होत्या. सकाळपासून चार घरांतून असंच झालं होतं.

निवृत्तीनंतर अहमदनगरहून मिशनच्या कामासाठी त्या या बेटावर आल्या, त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या दोन नाताळांना ताटल्या चाटूनपुसून परत आल्या होत्या. एवढ्या उकाड्यात घाम गाळून तळल्या, त्या याचसाठी?

“नारळ खवट निघाला का गं?” त्यांनी शेवटी विचारलंच.

मार्था हसली. “छे हो! पाहुण्यांनी दिलेलं आम्ही सगळं संपवतो. घरच्या माणसाने दिलं, की अर्धं त्याच्यासाठी ठेवतो.”



“मग दारात काय उभी राहिलीस?” म्हणत बाईंनी एक करंजी मोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली.