मथुरेनं काय सोडलं

मथुरेनं ताटावर हात आडवा धरला आणि सुभद्रेच्या हातातली कालवणाची पळी तशीच राहिली.

"माका नको, अक्का. मी मासे सोडलंय."

सुभद्रेच्या अंगाचा तिळपापड झाला. समुद्राकाठच्या देवबागात जन्म गेलेल्या बाईनं मासे सोडायचे म्हणजे काय चेष्टा आहे? आणि सोडलेच, तर सांगायचं तरी! परवा आषाढी एकादशीला वाडीतल्या साऱ्या बाया देवळात जमल्या होत्या. चातुर्मासात कोण काय सोडणार, ते तिथं चारचौघींत मोठ्यानं सांगायची रीतच होती. नर्मदाकाकूनं गूळ सोडला, जो खाल्ला की तिची दाढ तशीही ठणकायची. सुभद्रेनं खणखणीत आवाजात वांगी सोडली. मथुरा मात्र देवळात शिरलीच नाही. बाहेर पायरीवर मुकाट बसून राहिली आणि आता घरात बसून मासे सोडत होती!

दोघी जावा. सुभद्रा थोरली, मथुरा धाकटी. दोघींचे नवरे, परशुराम आणि गंगाराम, एकाच आगबोटीवर खलाशी होते. कार्तिकात घरी येतो, असं सांगून दोघं गेले होते. तोवर एखादं पत्र आलं तर आलं. ते वाचायचं मथुरेनं, कारण ती चौथी शिकलेली आणि सुभद्रेला अक्षराची ओळख नाही.

सुभद्रेचं खरं दुखणं तिथंच होतं. गेल्या खेपेला परशुराम सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मथुराकडसून शिक जरा." ते बोलणं तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. एकादशीच्या आदल्या दिवशी पत्र आलं, ते चांगलं दोन पानं भरून. मथुरेनं वाचून दाखवलं ते चार ओळींत. दोघं खुशाल आहेत, काळजी करू नये. मग पत्र कमरेला खोचून ती विहिरीवर गेली आणि तासभर परतलीच नाही. उरलेलं सगळं गंगारामानं बायकोच्या लाडाचं लिहिलं असणार, हे सुभद्रेनं तेव्हाच ओळखलं.

मासे सोडल्याची बातमी सासूनंच वाडीभर केली. "धाकटी सांगणा नाय, करून दाखयता," असं ती येईल त्या बाईला ऐकवायची. हे 'सांगणा नाय' कोणासाठी होतं, ते न कळायला सुभद्रा काही दूधखुळी नव्हती.

पुढच्याच सोमवारी तिनं देवळात भटजींसमोर हातावर पाणी सोडलं आणि मासे बंद केले. घरी येऊन तिनं ते मथुरेला मुद्दाम ऐकवलं. मथुरा तिच्याकडे बघत राहिली, डोळे भरून आले आणि ती उठून आत गेली. झोंबलं! सुभद्रेला त्या रात्री बिनमाशाचा भातसुद्धा गोड लागला.

मग अहमहमिकाच लागली. श्रावणात मथुरेनं केसांत फुलं माळणं सोडलं. सुभद्रेनं दुसऱ्या दिवशी आपल्या अबोलीच्या सगळ्या कळ्या देवाला वाहिल्या आणि का वाहिल्या, ते चार घरी सांगून आली. मथुरा खाट सोडून चटईवर निजायला लागली. सुभद्रेनं चटई पसरली तीही पुढच्या पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. पाठ धरायची, ओल्या जमिनीनं अंग ठणकायचं, पण माघार घेईल ती सुभद्रा कसली! परशुराम कार्तिकात मालवणच्या धक्क्यावर उतरेल, घरी पोचेपर्यंत पाच जण त्याला सांगतील की यंदा तुझ्या बायकोनं कमाल केली. तेवढं एकदा त्याच्या कानांवर पडायला हवं होतं.

घरात नणंद सत्यवती बाळंतपणाला आली होती. दोनदा पोटातलं मूल गेलेलं, भावांवर जीव टाकणारी पोर. हिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं सुईणीनं बजावलं होतं. मथुरा तिच्या उशापायथ्याशी असायची. भाद्रपदाच्या शेवटी सत्यवतीला मुलगा झाला, तेव्हा मथुरा त्याला छातीशी धरून हमसून हमसून रडली. इथंही हिचंच पुढं पुढं, म्हणून सुभद्रेनं नाक मुरडलं.

कार्तिकी एकादशीच्या सकाळी नणंदेचा नवरा बाळबाळंतिणीला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी व्रतं सुटायची. द्वादशीला सुभद्रेनं पहाटेच न्हाणं उरकलं, सुरमई सांगून ठेवली आणि अबोलीचा हातभर लांब गजरा केला. देवळात सगळ्यांच्या आधी पोचायचं होतं. तेवढ्यात मथुरा खोलीत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"फुलां नको माळू, अक्का."

"कित्याक? आज व्रत सुटता. तुका आणखी मोठेपण होया आसात, तर तू रव तशीच."

"माझां व्रत नव्हतां गो," मथुरा म्हणाली. "सत्यवती सुखरूप बाळंत होवची होती, म्हणान पत्रातलां लपवन मी गप रवलंय."

सुभद्रेला काही उमगेना. मथुरेनं पदराचं टोक घेतलं आणि स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

म्हणजे गंगाराम! चार महिने ही पोर एकटी हे गिळून बसली होती आणि आपण तिच्याशी चढाओढ करत होतो. सुभद्रेला स्वतःची शरम वाटली. तिनं गजरा खाली टाकला आणि धाकट्या जावेला पोटाशी धरायला ती पुढे झाली.

मथुरेनंच तिला एका हातानं जवळ ओढलं आणि तोच पदर सुभद्रेच्या कपाळावर टेकवला.