पाचपैकी पाच

आई जाऊन महिना झाला होता. ती शिकत होती त्या साडी-डिझाइनच्या ऑनलाइन कोर्सच्या मॅडमचा फोन आला.

"जयाबाईंना सांगा, गटातले एकमेकांना सहकार्याचे गुण देतात ना, या आठवड्यात चौघांनीही त्यांना पाचपैकी पाच दिलेत."

वडगावच्या घरात मागावर बसूनच आई गटाला रोज प्रश्न लिहायची. उत्तर एकाचंही यायचं नाही. "शिकल्याली माणसं हायत गं, कामात असतील," म्हणायची. ती होती तोवर त्याच चौघांनी तिला दर आठवड्याला पाचपैकी एकच गुण दिला होता, "फार प्रश्न विचारतात" असा शेरा मारून.

"या वेळचा शेरा वाचून दाखवता?" मी आवाज चढू दिला नाही.

मॅडमनी कौतुकानं वाचला, "आता सगळ्यांशी छान जमवून घेतात."